आईला गाडी लागते म्हणून टर्बो

माणसं गाडीला टर्बो बसवतात ते शर्यत जिंकायला, नाहीतर हायवेवर दुसऱ्याला खिजवायला. माझ्या वडिलांनी बसवला तो आईला ओकारी होऊ नये म्हणून. हे मी ज्याला ज्याला सांगितलं त्याने "काय? परत सांग," असं म्हटलं, आणि परत सांगताना माझं डोकं आधीपेक्षा जास्त फिरलं. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

माझं माहेर बेळगावात शहापूरला आणि सासर खासबागेत. चालत जाता येतं. लग्न ठरलं तेव्हा सगळे म्हणाले, किती सोयीचं! सोय झाली ती आई-आप्पांची. त्या दोघांचं काहीही बिनसलं की निवाड्याला मी. त्यात मी पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, फिजिक्स शिकवते, त्यामुळे भांडण यंत्रावरून असेल तर पळवाटच नाही.

आणि आमच्या घरात भांडण यंत्रावरूनच असतं. आप्पा जॉबर, म्हणजे पॉवरलूम दुरुस्त करणारे. शहापूर-वडगावच्या बोळांतून जिथे जिथे साड्यांचे माग खडखडतात तिथून त्यांना बोलावणं यायचं. आता वय झालं, बाहेरची कामं सोडली, पण कान शाबूत आहे. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून कुणाच्या घरचा माग आजारी आहे ते सांगतात. या कानाचा त्यांना भारी अभिमान. जगातलं कुठलंही यंत्र आपल्या कानापुढे खोटं बोलू शकत नाही अशी त्यांची पक्की समजूत आहे, आणि ती काढून टाकणं माझ्या आवाक्यातलं काम नाही.

घरची गाडी म्हणजे एक जुनी, पांढरी, छोटी पेट्रोल गाडी. सपाट रस्त्यावर गुणी बाळ. चढ आला की रडकुंडीला यायची. बेळगावहून निपाणीला जाताना आधी वंटमुरीचा घाट लागतो आणि निपाणीच्या अलीकडे तवंदीचा. कोकणात उतरणाऱ्या घाटांपुढे हे दोन्ही म्हणजे उंचवटे, पण आमच्या गाडीला तेवढे पुरे होते. चढ सुरू झाला की आप्पा एसी बंद करायचे, कारण एसी चालू ठेवून ती चढायचीच नाही. एसी बंद म्हणजे काचा खाली. काचा खाली म्हणजे रस्ता रुंद करायच्या कामाची धूळ आणि पुढच्या ट्रकचा धूर. मग आईला लागायचं. नाकाशी लिंबू, मांडीवर पिशवी, डोळे गच्च मिटलेले. निपाणी येईपर्यंत ती पिळून निघालेली असायची.

एवढं करून निपाणीला जायचं कशाला, तर तिथे मावशी असते. आईची थोरली बहीण. आई तिला आक्का म्हणते. आजी लवकर गेली, त्यामुळे आईच्या वेण्या घालण्यापासून तिला नवऱ्याच्या घरी पाठवण्यापर्यंत सगळं या आक्कानंच केलं. गेल्या काही वर्षांत मावशी विसरायला लागली. आधी चष्मा, किल्ल्या. मग गल्लीतली माणसं. मग सून. जी सून तिला रोज आपल्या हातानं भरवते, तिलाच ती विचारते, "तुमी कुणाकडचं म्हणायचं?" मला तर ती फार आधीच विसरली. पण आईला ओळखायची. आई उंबऱ्यात दिसली की "आलीस व्हय गं?" म्हणायची, आणि घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जवळची माणसं डोळ्यांसमोर येत राहू देत, बाकी आपल्या हातात फार काही नाही. म्हणून आई जमेल तेव्हा जायची. उलट्या करत पोचायची आणि अर्धा दिवस मावशीच्या कॉटवर आडवी पडायची. मावशी तिच्या कपाळावर हात ठेवून बसायची. भेटायला कोण आलंय आणि सेवा कोण करतंय, काही ताळमेळ नाही.

मी म्हटलं, गाडी बदला. जुनी का होईना, जरा दमाची घ्या. आप्पांना ते लागलं. चालता माग कधी विकू नये, असा जॉबर लोकांचा दंडक आहे म्हणे. गाडी म्हणजे माग नव्हे, हे मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी फिजिक्सची शिक्षिका असून एवढं साधंही मला कळत नाही.

पुढचं सगळं घडलं ते आप्पांच्या एका मित्रामुळे. उद्यमबागेतल्या फौंड्रीत या माणसाचा जन्म गेला. आम्ही त्यांना फौंड्रीकाका म्हणतो. त्यांच्या जावयानं नवी गाडी घेतली आणि घरच्यांबरोबर या दोन म्हाताऱ्यांनाही वंटमुरीच्या घाटात फिरवून आणलं. आप्पा परत आले ते वेगळ्याच तंद्रीत.

"पाच माणसं आत, एसी चालू, आणि गाडी शीळ घालत वर गेली," ते म्हणाले. "आत टर्बो हाय म्हणं. आपल्या गाडीला बशिवला की झालं."

"आप्पा, तो कंपनीतूनच बसवून येतो. आख्खं इंजिन त्या हिशेबानं बनवलेलं असतं."

"कंपनीत काय देव बशिवतोय? माणसंच बशिवत्यात न्हवं?"

"आणि परवानगी? इंजिनात असला बदल असाच करता येत नाही. आरटीओनं धरलं तर?"

"आरटीओ काय बॉनेट उघडून बघत बसतोय व्हय?"

मी डोक्याला हात लावला. तरी शिकवायची खोड जात नाही, म्हणून स्वयंपाकघरात दोन वाट्या घेऊन समजावून सांगितलं. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एरवी सायलेन्सरमधून वाया जातो. टर्बोमध्ये त्या धुराच्या झोतानं एक पंखा फिरवतात. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. पण ती ताकद सोसायला इंजिन तसं लागतं. मी हे सांगितलं आप्पांनी नाद सोडावा म्हणून. त्यांनी ऐकलं ते भलतंच.

"म्हंजे फुकट जाणाऱ्या धुरावर चालतंय," ते आईला म्हणाले. "बघ, फुकटचं हाय!"

आईनं भाजी निवडता निवडता विचारलं, "त्ये बशिवल्यावर मला लागणार न्हाय?"

"न्हाय. एसी चालू राहील, काचा बंद राहतील. धूर आतच येणार न्हाय."

"मग बशिवा."

झालं. आमच्या घरी आईनं 'बशिवा' म्हटलं की त्यावर अपील नसतं.

टर्बो आला कोल्हापूरच्या भंगारवाल्याकडून. कुठल्या तरी ठोकलेल्या डिझेल गाडीतला. आप्पांनी तो आईच्या जुन्या साडीत गुंडाळून आणला आणि सोफ्यावर ठेवला. मोठ्या शंखासारखं काळं, तेलकट प्रकरण. आईनं त्याला हळदकुंकू लावलं. डिझेल गाडीचा टर्बो पेट्रोल गाडीला, तोही ताज्या नव्हे तर म्हाताऱ्या इंजिनाला, आणि बसवणारे दोघे असे, की एकानं आयुष्यभर माग दुरुस्त केले आणि दुसऱ्यानं लोखंड ओतलं. हळदकुंकू लावलं ते बरंच झालं, असं मला वाटलं.

मग गाडी आमच्या बोळात दगडांवर चढली. शहापूरचे बोळ केवढे ते सगळ्यांना माहीत आहे. दूधवाला सायकल उचलून पलीकडे न्यायचा. शेजारच्या बायका अंग चोरून भिंतीला घासत जायच्या आणि जाताना विचारायच्या, "झाली का गाडी?" जाणारा प्रत्येक पुरुष थांबून बॉनेटमध्ये डोकं घालायचा आणि एक सल्ला टाकून पुढे जायचा. आप्पा सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. फक्त माझं नाही.

इंजिन आणि टर्बो यांना जोडणारा जो बिडाचा भाग लागतो, तो फौंड्रीकाकांनी स्वतः ओतला. पहिला ओतला तो बोटभर उंच झाला. बॉनेट लागेना. दुसरा ओतला तो पाट्यावरवंट्याएवढा जड. तो बसवायला बॅटरीची जागा लागली, म्हणून बॅटरी मागे डिकीत गेली. डिकीत आईची मावशीकडे न्यायची पिशवी असायची, ती पिशवी कुठे ठेवायची यावर वेगळी चर्चा झाली. पेट्रोल वाढवून सोडायचं काहीतरी उपकरण परत कोल्हापूरहून आलं. मग तेलाची नळी गळायला लागली. ती बंद झाली तर पाणी गळायला लागलं. दर वेळी मी विचारलं की उत्तर एकच, "आता काय, आटपत आलंय."

महिने सरत चालले होते, आणि आई निपाणीला गेलेली नव्हती.

याचा मला जो संताप यायचा तो नीट सांगता येणार नाही. टर्बो बसवायचा तर बसवा, बॉनेट फाडा, डिकीत विहीर खणा. पण तिकडे एक म्हातारी बाई एकेक माणूस पुसून टाकत चालली आहे, आणि तिच्या पाटीवर शेवटचं नाव आईचं उरलं आहे. ज्या कामासाठी हा सगळा उद्योग, तेच काम बंद पडलंय हे या माणसाला दिसत कसं नाही?

मी म्हटलं, टॅक्सी करून देते. आप्पा उखडले. "घरची गाडी असताना माझ्या बायकूनं भाड्याच्या गाडीनं जायाचं?" मी म्हटलं, घरची गाडी दगडांवर आहे. ते म्हणाले, "आटपत आलंय."

आई हळूच म्हणाली, "बायकांना आता बस फुकट हाय की. आधार कार्ड दावलं की झालं. सगळ्याजणी जात्यात."

"फुकट हाय म्हणून वकत जायाचं?" आप्पा म्हणाले. "तुला गाडीत लागतंय, बसमध्ये तर आतडी भाईर येतील. गप बस. एकदा टर्बो चालू झाला की दर आठवड्याला नेतो."

आई गप्प बसली. तिला मनापासून पटलं होतं म्हणून नव्हे. तो माणूस दिवसभर वाकून, हात पोळून घेऊन हे तिच्यासाठी करत होता, आणि त्याला दुखवणं तिच्या जिवावर आलं होतं. मला मात्र दोघांचाही राग आला.

मग ती फोन करायची. मावशीची सून मावशीच्या कानाला फोन लावायची.

"आक्का, मी बोलतोय," आई ओरडून म्हणायची. आमच्या भागात बायकाही बोलतो, जातो असंच म्हणतात.

"कोण?"

"अगं मी, धाकटी. बेळगावची."

"धाकटी येणार हाय," मावशी तिकडून सांगायची. "गाडीनं येणार हाय. मी वाट बघतोय."

आई फोन ठेवून आमच्याकडे बघून हसायची. बघा, आठवण आहे तिला! मला त्या हसण्याकडे बघवायचं नाही. एकदा मी ताडकन उठले आणि बोळात जाऊन बॉनेटखालच्या आप्पांना सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तुमची गाडी होईपर्यंत मावशी थांबणार आहे का?" दूधवालासुद्धा थबकला. आप्पांनी मान वर केली नाही. पान्याचा आवाज तेवढा जरा जोरात यायला लागला.

शेवटी एकदाची गाडी झाली. खोटं कशाला बोलू, चालली. बोळातून बाहेर पडली, मोठ्या रस्त्याला लागली, आणि आप्पांनी पाय दाबल्यावर बॉनेटमधून बारीक शीळ आली. आप्पांचं तोंड असं फुललं की मलाही क्षणभर आनंद झाला. फौंड्रीकाका तर मागच्या सीटवर लहान पोरासारखे टाळ्या वाजवत होते.

आणि घरी आल्या आल्या आप्पांनी खटकन किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

इथे मला पुन्हा शिक्षिका व्हावं लागतं. टर्बोचा तो दांडा भयंकर वेगानं फिरतो, आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. इंजिन बंद केलं की तेल यायचं थांबतं. दांडा तर लालबुंद तापलेला असतो. आत अडकलेलं तेल जागच्या जागी जळून त्याचा कोळसा होतो आणि नळी चोंदते. म्हणून गाडी पळवून आणली की बंद करायच्या आधी तिला थोडा वेळ जागेवर नुसती चालू ठेवायची, तापलेला टर्बो निवू द्यायचा. एवढंच. एवढंच मी आप्पांना सांगितलं.

पण जॉबरच्या हाताला ते कसं पटणार? मागावर धागा तुटला, धोटा अडकला, नुसता आवाज बदलला, तरी हात पहिल्यांदा हँडलवर जातो. डोळा मिटायच्या आत माग थांबला पाहिजे, नाहीतर वीतभर साडी वाया. ज्याचा हात असा जातो तोच चांगला जॉबर. आप्पांचा हात सगळ्या शहापुरात नावाजलेला होता. काम संपलं, बंद. शंका आली, बंद. कुणी हाक मारली, बंद.

"आप्पा, जरा वेळ चालू राहू दे!"

"उगंच? उभ्या गाडीत पेट्रोल जाळायचं?"

"टर्बो जळेल."

"बंद यंत्र जळतंय व्हय कुठं? काय शिकिवतीस त्या पोरांना!"

प्रत्येक फेरीनंतर हेच. खट, आणि बंद. शेवटी मी डॅशबोर्डवर कागद चिकटवला, 'लगेच बंद करू नका'. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर आप्पांनी देवाचा फोटो लावलेला होता.

निपाणीला जायचा दिवस ठरला. मी कॉलेजातून सुट्टी टाकली. आईनं आक्कासाठी मऊ सुती साडी घेतली होती, आमच्याच गल्लीतल्या मागावरची. पहाटेच उठून तिनं मावशीला आवडणारी धपाटी केली. गाडीत बसताना लिंबू आणि पिशवी घ्यायला लागली तर आप्पा म्हणाले, "त्यांचं काम न्हाय आता." तिनं तरी घेतली.

वंटमुरीचा घाट. एसी चालू, काचा बंद, आणि गाडी खरोखर शीळ घालत वर. एका ट्रकला मागे टाकलं, दुसऱ्याला टाकलं. आप्पा आरशातून आईकडे बघत होते. "हाय का धूर? सांग, हाय का धूर?" धूर नव्हता. गार वारा होता. आईनं डोळे मिटलेले होते आणि लिंबू नाकाला लावलेलं होतं. शीळ ऐकायला मिळावी म्हणून आप्पा घाट संपल्यावरही पाय दाबायचे, सोडायचे, परत दाबायचे. लहानपणी हातमागाच्या पावड्या, म्हणजे खालच्या पायपट्ट्या, मारलेले ते पाय. गाडी पुढे झेपावायची, मागे ओढल्यासारखी व्हायची, परत झेपावायची. मी दाराची कडी घट्ट धरली.

संकेश्वर यायच्या आधी, साफ सपाट रस्त्यावर, आई म्हणाली, "थांबवा."

आप्पांनी करकचून ब्रेक लावला, कडेला घेतली, आणि खट. बंद.

"चालू ठेवा!" मी ओरडले. एवढी पळवून आणलेली गाडी.

"तिला सायलेन्सरचा धूर लागंल," ते म्हणाले आणि दार उघडून आईकडे धावले.

आईची उलटी झाली. आप्पा तिच्या पाठीवर हात फिरवत होते आणि माझ्याकडे बघत होते, गणित चुकलेल्या मुलासारखे. "धूर न्हाय, धूळ न्हाय, उकडत बी न्हाय. मग का?" मी पाण्याची बाटली आईच्या हातात दिली.

तवंदीच्या घाटात टर्बो गेला. आधी शिळेचा आवाज बदलला, तेल न घातलेल्या मागासारखा कर्कश झाला. मग मागे निळा धूर, इतका की मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवून शिव्या घातल्या. मग गाडीतला दमच गेला आणि अर्ध्या चढावर ती उभी राहिली. आप्पांचा हात सवयीनं किल्लीवर गेला आणि त्यांनी ती फिरवली. आता फिरवली काय, न फिरवली काय.

निपाणी डोंगरापलीकडे. मावशी तिथे, आणि आम्ही इथे, एका बाजूला ट्रक आणि दुसऱ्या बाजूला उकरलेली माती. मी फोन काढून गॅरेज शोधत होते. आप्पा बॉनेट उघडून कान लावून उभे होते. आई खाली उतरली, तिनं पदर खोचला, आणि खालून लाल बस येत होती तिला हात केला. साधी, गावोगाव थांबणारी बस. चढावर वेग कमी झालेलाच होता. ती थांबली.

"अगं, लागंल तुला!" आप्पा म्हणाले.

"लागू दे," आई म्हणाली. "मी जातो फुडं. तुमी या मागनं." आणि साडी-धपाट्यांची पिशवी घेऊन चढली. लिंबू गाडीतच राहिलं.

मी आप्पांबरोबर थांबले. मनात आलं होतं ते सगळं मी त्या घाटात बोलले. तुमच्या कानाबद्दल, तुमच्या हाताबद्दल, त्या फौंड्रीकाकांबद्दल, साडीत गुंडाळून आणलेल्या त्या भंगाराबद्दल. ट्रकच्या आवाजात अर्धं गेलं असेल, पण अर्धं पोचलं. आप्पा रस्त्याकडेच्या दगडावर बसले होते, कोपरापर्यंत काळे.

"एकदा तरी तिनं न वकता पोचावं, एवढंच हुतं गं," ते म्हणाले. "उतरल्या उतरल्या आक्काशी चार शबूद बोलावं."

मला रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला.

एका टेंपोवाल्यानं दोर बांधून आमची गाडी निपाणीत ओढून नेली. ती गॅरेजला लावून आम्ही मावशीच्या गल्लीत शिरलो तेव्हा दुपार कलली होती. गल्लीत नेहमीसारखा तंबाखूचा उग्र वास. आई बाहेरच्या पायरीवर बसली होती. तिचा चेहरा ताजा होता. निपाणीत मी तिला इतकी ताजी कधीच पाहिलेली नव्हती.

"बसमध्ये काय बी झालं न्हाय मला," ती म्हणाली. "डायवरच्या मागं बसलो. घाट कवा चढला कळालं बी न्हाय."

आप्पांना पटेना. "एसी न्हाय, काचा उघड्या, समदा धूर आत. तरी?"

"धुरानं लागत न्हाय मला. तुमी पाय हालीवतासा न्हवं, दाबायचं, सोडायचं, दाबायचं, त्यानं लागतंय."

"मग इतकी वरसं बोलली न्हाईस?"

"बोललो की. दर खेपंला बोललो. तुमी म्हणायचासा, गाडी जुनी हाय."

मी त्या पायरीवर मटकन बसले. बिडाचे दोन ठोकळे, डिकीतली बॅटरी, महिनोन् महिने दगडांवर गाडी. हसावं की किंचाळावं ते कळेना. मग एकदम लक्षात आलं की आई आत मावशीजवळ नाही, बाहेर पायरीवर बसली आहे.

"आणि मावशी?" मी विचारलं.

आई पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. "तुमी कुणाकडचं, म्हणाली मला. साडी दिली तर म्हणाली, असू दे, धाकटीला ठेवतो."

आप्पा तसेच आत गेले. हातही धुतले नाहीत. आम्ही मागोमाग गेलो. मावशी कॉटवर बसली होती, नवी साडी घडीसकट मांडीवर. आई जाऊन तिच्या शेजारी बसली. मावशीनं पाहुणीला देतात तशी जरा सरकून तिला जागा दिली, आणि मग दारातल्या त्या काळ्या, तेलकट माणसाकडे बघितलं. बघत राहिली. तिचा चेहरा उजळला.

"या की पाव्हणं!" ती म्हणाली. "लई दिसानं?"

आप्पा जागच्या जागी उभे राहिले. सून हातातलं काम टाकून आली. मावशीनं त्यांच्या मागे पाहिलं, माझ्यावरून तिची नजर दाराकडे गेली, आणि परत आप्पांवर आली.

"एकटंच आलासा? माझ्या धाकटीला न्हाय आणलं?"

आप्पांनी आईकडे पाहिलं. ती मावशीच्या खांद्याला खांदा लावून बसलेली होती.

"गाडी बिघडली वो," ते कसेबसे म्हणाले.

"मग पुढच्या खेपंला घेऊन या. हितं समदी म्हणत्यात, मी इसरतोय. तिला सांगा, तुला ओळखतो म्हणावं. तुला कसा इसरीन?"

आईनंच मावशीचा हात आपल्या हातात घेतला.

"सांगतो तिला," ती म्हणाली.